डबा कोण भरतं? ॲन ॲलिसन यांचा बेंतोवरचा निबंध पुन्हा वाचताना

मी प्रयोगशाळेत शिजवलेल्या भातात जीवाणू वाढवते. मुद्दाम वाढवते, तेच माझं काम आहे. त्यामुळे डब्याबद्दल काहीही छापलेलं दिसलं की मी वाचते. बहुतेक वेळा हाती लागतात ते तापमानाचे तक्ते. पण दोनेक वर्षांपूर्वी एका मानववंशशास्त्राच्या मैत्रिणीनं एक निबंध पाठवला आणि खाली लिहिलं, "हे वाच, मग तुझ्या भाताकडे बघ." निबंध ड्यूक विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ ॲन ॲलिसन यांचा. १९९१ साली 'ॲन्थ्रोपॉलॉजिकल क्वार्टर्ली'मध्ये आलेला. विषय जपानी आया आणि त्या नर्सरीतल्या मुलांसाठी रोज सकाळी भरतात तो ओबेंतो, म्हणजे डबा. उपशीर्षकात डब्याला त्यांनी थेट राज्यसंस्थेची वैचारिक यंत्रणा म्हटलंय.

पहिल्या वाचनात मला हसू आलं. डबा आणि राज्यसंस्था? दुसऱ्या वाचनात हसू गेलं. तिसऱ्या वाचनानंतर आम्ही घरी आठवडाभर बेंतो केले, त्याबद्दल शेवटी सांगते. आधी निबंध काय म्हणतो ते बघू, कारण बेंतोवर लिहिणारे बरेच जण त्याचा नुसता उल्लेख करतात आणि पुढे जातात.

निबंधाचा मुद्दा

फ्रेंच विचारवंत लुई अल्थुसर यांनी १९७० मध्ये एक मांडणी केली. राज्य फक्त पोलिस, कोर्ट आणि तुरुंग यांच्या जोरावर चालत नाही. शाळा, कुटुंब, धर्म, वर्तमानपत्रं या सगळ्यांतून आपल्याला अशी सवय लावली जाते की आपण सांगितल्याशिवायच 'नीट' वागतो. आणि गंमत म्हणजे ते आपल्याला आपलंच मत वाटतं.

ॲलिसन हा चष्मा लावून जपानी नर्सरीतला डबा बघतात. मूल पहिल्यांदा घराबाहेर पडतं, तेव्हा घरातली एकच गोष्ट त्याच्याबरोबर जाते, ती म्हणजे आईनं भरलेला डबा. तो सगळा संपवायचा, ठरलेल्या वेळात संपवायचा आणि सगळ्यांबरोबर संपवायचा. शिक्षिका लक्ष ठेवून असतात. डबा संपला तर मूल शाळेत रुळलं. उरला तर प्रश्न मुलाचा नसतो, आईचा असतो. म्हणजे एकाच डब्यातून दोघांचं शिक्षण चालतं. मूल गटात राहायला शिकतं आणि बाई 'चांगली आई' व्हायला शिकते.

त्यासाठी काय काय लागतं, तेही त्या तपशिलात सांगतात. लहान लहान तुकडे, एकमेकांत न मिसळणारे पदार्थ, रंगांचा विरोध, आकारांची गंमत. बेंतोच्या चित्रांनी भरलेली मासिकं आणि पुस्तकं. कापायचे साचे, टोचायच्या काड्या, छोट्या पिशव्या. आणि एक आकडा, जो माझ्या डोक्यातून गेला नाही: एका मुलाच्या एका डब्यासाठी आई रोज सकाळी साधारण २० ते ४५ मिनिटं देते.

या निबंधाची ताकद त्या आकड्यात आहे असं मला वाटतं. सिद्धांत कितीही जड असला तरी तो घड्याळाला बांधलेला आहे. शिवाय ॲलिसन हे लांबून बघून लिहीत नाहीत. त्यांचा स्वतःचा मुलगा तोक्योतल्या नर्सरीत जात होता, त्यामुळे ओबेंतो भरायची पाळी त्यांच्यावरही आली होती. म्हणून त्या आयांना भोळ्या ठरवत नाहीत. या कामात बायकांना आनंद मिळतो, कल्पकतेला वाव मिळतो, हे त्या मान्य करतात. पण तो आनंद आणि तो दबाव एकाच डब्यात असतात, असं त्यांचं म्हणणं आहे. मला हे पटतं.

पण भाताचं काय?

आता माझी तक्रार. ही विज्ञानवाल्याची तक्रार आहे, त्यामुळे थोडं सांभाळून घ्या.

बेंतोतले नियम ॲलिसन मुख्यतः संस्कृतीची सांकेतिक भाषा म्हणून वाचतात: वेगळेपणा, तुकडे, नीटनेटकेपणा. पण यातल्या बऱ्याच नियमांना एक साधं भौतिक कारणही आहे. बेंतो सकाळी शिजतो आणि चार-पाच तासांनी, बहुधा गरम न करताच, खाल्ला जातो. ही अट एकदा मान्य केली की अर्धे नियम आपोआप येतात.

भातापासून सुरुवात करू. तांदळात 'बॅसिलस सेरियस' नावाच्या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. बीजाणू म्हणजे त्या जीवाणूचं झोपी गेलेलं, कवच घातलेलं रूप. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि वाढायला लागतात. त्यांच्यातले काही प्रकार भातातच एक विष तयार करतात. त्यानं उलट्या होतात, आणि भात पुन्हा गरम केला तरी ते विष जात नाही. म्हणून जपानी घरांत भात डब्यात पसरून आधी निवू देतात आणि मगच झाकण लावतात. गरम भातावर झाकण लावलं की वाफ धरते, झाकणाच्या आतून पाणी ठिबकतं आणि पदार्थांच्या पृष्ठभागावर जीवाणूंना हवी तशी ओल तयार होते. आपल्याकडेही गरम पोळ्या लगेच डब्यात कोंबल्या की आई ओरडते, ते याच कारणासाठी. फरक एवढाच की पोळी फक्त चिवट होते, भाताची भानगड जास्त असते.

पदार्थ वेगळे ठेवण्याचंही तसंच. भाजीचं पाणी तळणात गेलं की दोन्ही बिघडतात. डब्यात दिसणारं ते हिरवं प्लॅस्टिकचं गवत, बारान, आज नुसती सजावट वाटते. पण ते खऱ्या पानांच्या जागी आलंय, आणि एका पदार्थाचा ओलावा नि वास दुसऱ्याला लागू न देणं हे त्या पानांचं काम होतं. डबा गच्च भरतात, कारण सैल डबा दप्तरात हलतो आणि सगळं एकत्र होतं. अकिता प्रांतातल्या ओदाते गावचे सीडर लाकडाचे वाकवलेले डबे, मागेवाप्पा, आज महागडी हस्तकला म्हणून विकले जातात. पण लाकूड भातातली जास्तीची वाफ शोषून घेतं, हा त्यांचा मूळ उपयोग.

आणि गार भात मुळात खाववतो कसा? स्टार्चमुळे. शिजलेला स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट रचनेत बसतो, म्हणून भात टणक होतो. त्यातला अमायलोज हा घटक हे काम झटपट करतो. बेंतोत वापरतात त्या जपानी तांदळात अमायलोज कमी असतं, त्यामुळे तो दुपारीही मऊ आणि चिकट राहतो. हेच फ्रिजच्या तापमानाला फार वेगानं होतं, म्हणून फ्रिजमधला भात खडा लागतो. बासमतीचा बेंतो करून बघा, दुपारी दाणे मोजता येतील.

भातावर मधोमध ठेवलेल्या लाल उमेबोशीचंही सांगते. ते जपानी झेंड्यासारखं दिसतं आणि त्याच्यावर राष्ट्रवादाचे लेख लिहिता येतात. लिहावेतही. पण उमेबोशी खारवलेलं आणि आंबट असतं, आणि आम्ल नि मीठ जीवाणूंना आवडत नाही. अर्थात परिणाम जिथे ते टेकतं तिथेच होतो. एका उमेबोशीनं सगळा डबा सुरक्षित होत नाही, आणि आजकालच्या कमी मिठाच्या उमेबोशीनं तर आणखी कमी.

माझं म्हणणं असं, की ॲलिसन यांच्या निबंधात डबा दिसतो पण अन्न दिसत नाही. चिन्ह दिसतं, भात दिसत नाही. नियम दोन ठिकाणांहून येतात, राज्यसंस्थेकडून आणि सूक्ष्मजीवांकडून, आणि कुठला कुठून आला हे वेगळं केल्याशिवाय दबाव नेमका किती ते कळत नाही.

मग पांडाचं काय?

इतकं लिहून मी खूश होते. मग लक्षात आलं, की ही फूटपट्टी मी नीट लावली तर ती ॲलिसन यांच्याच बाजूनं मोजते.

भात निवू देणं, पाणी निथळणं, पदार्थ वेगळे ठेवणं यांची कारणं भौतिक आहेत. पण भाताचा पांडा करायला कुठलंही भौतिक कारण नाही. नोरीचे डोळे कातरून चिमट्यानं लावायला नाही, सॉसेजचे ऑक्टोपस करायला नाही. उलट या सगळ्यात अन्नाला हात जास्त लागतो. आपल्या कातडीवर 'स्टॅफिलोकोकस ऑरियस' राहतो, त्याचं विषही गरम करून जात नाही. म्हणून तर जपानमध्ये ओनिगिरी उघड्या हातांऐवजी प्लॅस्टिकच्या आवरणात वळा असं सांगतात. म्हणजे जितका डबा देखणा, तितकी हाताळणी जास्त आणि धोकाही थोडा जास्त. अन्नशास्त्र जिथे संपतं, तिथून पुढची मिनिटं कोणाच्या खात्यावर टाकायची? ॲलिसन म्हणतात, विचारसरणीच्या. माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

म्हणजे माझी तक्रार निबंध पाडत नाही, त्याला धार लावते. ४५ मिनिटांतली किती भातासाठी आणि किती पांडासाठी, हे विचारायला हवं होतं एवढंच.

निबंधानंतरची वर्षं

दुसरी तक्रार निबंधाबद्दल कमी आणि त्याच्या वाचकांबद्दल जास्त आहे. १९९१ चा निबंध आजही असा वाचला जातो की जणू जपानी स्वयंपाकघरात तेव्हापासून काहीच हललं नाही.

२००१ साली कागावा प्रांतातल्या ताकिनोमिया प्राथमिक शाळेत ताकेशिता काझुओ या मुख्याध्यापकांनी 'बेंतो नो हि', म्हणजे 'डब्याचा दिवस' सुरू केला. पाचवी-सहावीच्या मुलांनी महिन्यातून एकदा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी असा वर्षातून पाच वेळा, स्वतःचा डबा स्वतः करून आणायचा. काय करायचं ते ठरवणं, सामान आणणं, शिजवणं, भरणं, भांडी घासणं, सगळं मुलांनी. पालकांनी मदत करायची नाही, हाच मुख्य नियम. सुरुवात ऑक्टोबरमध्ये, कारण त्याआधी गृहशास्त्राच्या तासाला मुलांना मूलभूत गोष्टी शिकवता येतात. इतर शाळांनीही पुढे ही कल्पना उचलली.

ही ॲलिसन यांच्या डब्याची नेमकी उलटी बाजू आहे. तिथे शाळा आईला कामाला लावते, इथे शाळा आईला बाजूला बस म्हणते. पण अल्थुसर लगेच सुटत नाहीत. शाळा स्वयंपाकघरात शिरली ती शिरलीच. शिवाय या उपक्रमाभोवती जे बोललं जातं त्यात आईवडिलांबद्दलची कृतज्ञता फार असते. २०२१ मध्ये त्यावर एक माहितीपट आला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा: 'कटकट' हाच सुखाकडे जायचा जवळचा रस्ता. मला इथे थांबून विचारावंसं वाटतं, कटकट कोणाची आणि सुख कोणाचं? दहा वर्षांच्या मुलानं वर्षातून पाच वेळा केलेली कटकट हा संस्कार होतो, आणि त्याच्या आईनं वर्षभर केलेली कटकट हा सोमवार ते शुक्रवार.

याला जोडून दोन चित्रपट बघा. २०२० चा एक चित्रपट संगीतकार वातानाबे तोशिमी यांच्या पुस्तकावर आहे. घटस्फोटित बाप मुलासाठी कॉलेजपूर्व शाळेच्या तीन वर्षांत डबे करतो, एकूण ४६१. आकडा नावातच आहे. २०१९ च्या दुसऱ्यात हाचिजो बेटावरची एकटी आई रुसलेल्या, बोलत नसलेल्या मुलीला डिवचण्यासाठी मुद्दाम गोड गोड चेहऱ्यांचे डबे तीन वर्षं देते. मुलीला लाज वाटावी हाच हेतू. हा दुसरा मला जास्त आवडतो, कारण ॲलिसन यांचा तो आज्ञाधारक, गोंडस डबा इथे आईच्या हातातलं हत्यार होतो. पण दोन्ही शेजारी ठेवले की एक गोष्ट खटकते. बापानं नुसता डबा केला तरी तो मोजला जातो, त्याचं पुस्तक होतं. आईच्या डब्याची गोष्ट व्हायला त्यात खोडी असावी लागते.

आणि खरे आकडे? जपान सरकारच्या २०२१ च्या वेळवापर पाहणीत, सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरांत घरकाम आणि बालसंगोपन मिळून बायकोचा दिवसाचा सरासरी वेळ ७ तास २८ मिनिटं आणि नवऱ्याचा १ तास ५४ मिनिटं होता. २०१६ मध्ये नवऱ्याचा १ तास २३ मिनिटं होता. म्हणजे हललंय, पण किती ते बघा. निबंध तीस वर्षांनी जुना झाला असं म्हणायची घाई नको.

आमच्या ओट्यावर

आता घरचं. मे महिन्यात घरी गेले होते. आमच्याकडे सकाळी तीन डबे जातात: आईचा ऑफिसला, बाबांचा आणि धाकट्या भावाचा. मी जाहीर केलं, पाच दिवस बेंतो, आणि ताकेशितांचा नियम आईला लागू. तिनं हात लावायचा नाही. बाबा, भाऊ आणि मी करू. मी वही घेऊन मोजणार.

तांदूळ इंद्रायणी घेतला, तो चिकट असतो आणि गार झाल्यावरही बरा लागतो. अंड्याची गुंडाळी चौकोनी तव्याऐवजी डोशाच्या तव्यावर केली, फरसबीला तीळ लावले, गाजर सोया सॉसमध्ये परतलं. पांडा केला नाही. मे महिना म्हणून भात पंख्याखाली पसरून निववला आणि झाकण शेवटी लावलं.

पहिल्या दिवशी तिघांना मिळून १ तास २० मिनिटं लागली. पाचव्या दिवशी ५० मिनिटं. इथवर छान. पण वहीत मी एक दुसरा रकानाही केला होता: आईला विचारलेले प्रश्न. "तीळ कुठंयत?" "अगं, हा डबा कोणाचा?" "फरसबी किती घेऊ?" "गॅस बारीक करू का?" पहिल्या दिवशी १७. आई आतल्या खोलीत चहा घेत बसली होती आणि तिथून उत्तरं देत होती. म्हणजे तिचे हात सुटले होते, डोकं ओट्याशीच होतं. ॲलिसन यांच्या ४५ मिनिटांत हे बसत नाही. माझ्या घड्याळातही बसत नव्हतं, म्हणून तर वेगळा रकाना करावा लागला. पाचव्या दिवशी प्रश्न ४ वर आले.

पाच दिवस आणि तीन माणसं, याला कोणी संशोधन म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण मला एक गोष्ट कळली. महिन्यातून एकदा, पण पुन्हा पुन्हा, हा ताकेशितांचा हिशेब शहाणपणाचा आहे. एका दिवसाच्या हौसेत फक्त हात बदलतात. डोकं बदलायला तीळ कुठे असतात ते पाठ व्हावं लागतं. गुरुवारी रात्री बातम्या बघताना बाबा अचानक म्हणाले, "उद्या डब्याला काय करायचं रे?" भावानं मोबाईलमधून मान वर केली. आमच्या घरात हा प्रश्न आईशिवाय कोणी विचारलेला मला आठवत नाही.

जे अपेक्षित नव्हतं ते आईचं. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. पहिले दोन दिवस वाटलंही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "माझ्या डब्याला कोणी नावं ठेवली होती का?" मी म्हटलं, तसं नाहीये गं. ती म्हणाली, "मग मला तरी सांग, सकाळी मी करायचं काय?" मी तिला अल्थुसर सांगायला गेले नाही. पण हे वाक्य म्हणजे ॲलिसन यांच्या निबंधाचा मध्यबिंदू आहे. पंचवीस वर्षं रोज सकाळी जे काम तुम्हाला 'आई' करत आलं, ते कोणी काढून घेतलं, तर ओझं जातं आणि त्याबरोबर जागाही जाते. निबंध पहिली गोष्ट फार चांगली दाखवतो. दुसरी दाखवतो, पण पटकन पुढे जातो. मला तो तिथे अजून दोन पानं थांबायला हवा होता.

तरीही डब्याबद्दल काही वाचायचं असेल तर हा निबंध आधी वाचा, रेसिपी नंतर. नंतर तो ॲलिसन यांच्या १९९६ च्या पुस्तकातही आला. वाचताना शेजारी एक रकाना आखून ठेवा: हे भातासाठी, हे पांडासाठी. आणि जमलं तर तिसराही, प्रश्नांचा.

मी परत आल्यावर आठवड्यानं फोन केला. बाबा मंगळवारी आणि शुक्रवारी डबे करतात. अंडं जळतं अधूनमधून. आई सकाळी फिरायला जायला लागलीय, पण त्या दोन दिवशीही तांदूळ तीच धुऊन ठेवते. का, विचारलं तर म्हणाली, "ते पाणी नीट मोजत नाहीत."